नव्यानं टेक लीड झालात? पहिले तीन महिने असे काढा

पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत टेक लीड (टीमचा तांत्रिक प्रमुख) बहुतेक वेळा असा ठरतो: टीममध्ये जो सगळ्यात भराभर कोड लिहितो, रात्री प्रॉडक्शनला (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टीमला) काही बिघडलं की ज्याला फोन जातो, त्याच्याच नावापुढे अप्रेझलनंतर ‘लीड’ लागतं. पगार थोडा वाढतो, मीटिंगा बऱ्याच वाढतात, आणि नवं काम नेमकं काय हे कोणी बसून सांगत नाही. मग माणूस जे येतं तेच आणखी जोरात करायला लागतो. दिवसा मीटिंगा, रात्री कोड. तो दमत जातो आणि टीम त्याच्यावाचून पाऊल टाकेनाशी होते.

माझं मत सरळ आहे. टीमचे तांत्रिक निर्णय वेळेवर होणं, ते योग्य माणसानं घेणं आणि ते सगळ्यांना माहीत असणं, हे बघणं म्हणजे लीडचं काम. त्यातला कोड तुम्ही लिहिलात की शेजारच्यानं, हा दुय्यम प्रश्न. खालच्या पायऱ्या पाच ते आठ जणांची टीम, आधीपासून चालू असलेलं प्रॉडक्ट आणि दुसऱ्या शहरात किंवा देशात बसलेला क्लायंट किंवा प्रॉडक्ट मॅनेजर डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

पायरी १: हातात काय आलंय ते मॅनेजरकडून वदवून घ्या

पहिल्याच आठवड्यात मॅनेजरकडून अर्धा तास मागा आणि पाच गोष्टी विचारा. डिझाइनचा वाद मिटला नाही तर शेवटचा शब्द कुणाचा? तारखा क्लायंटला कोण कळवणार, आणि कळवण्याआधी मला विचारलं जाईल का? टीममधल्यांच्या रेटिंगमध्ये माझं मत धरलं जातं का? नवा माणूस घेताना मी ‘नको’ म्हणू शकतो का? आणि माझ्याकडून कोडची किती अपेक्षा आहे?

शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. सर्व्हिस कंपनीत तुम्ही क्लायंटला शंभर टक्के बिलेबल (ज्याच्या वेळेचं बिल क्लायंटला लागतं) दाखवलेले असाल, तर ‘लीड’ हे काम कागदावर अस्तित्वातच नसतं. ते आत्ता कळलेलं बरं. मिळालेली उत्तरं त्याच दिवशी चार ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवा: ‘आपलं असं ठरलं, चुकत असेल तर सांगा.’ दोन महिन्यांनी तारखेवरून ओढाताण झाली की हाच मेल कामी येतो.

पायरी २: दोन आठवडे काहीही बदलू नका

लीड झाल्या झाल्या फोल्डरची रचना बदलणारे, नवं फ्रेमवर्क आणणारे बरेच भेटतात. थांबा. या काळात तीन कामं करा.

पहिलं, प्रत्येकाशी एकट्यानं बोला. ‘काही प्रॉब्लेम आहे का?’ असं विचारलंत तर ‘नाही, सगळं ठीक’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात कुठल्या कामात सगळ्यात जास्त वेळ वाया गेला? या सिस्टीमच्या कुठल्या भागाला हात लावायची भीती वाटते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तीन जणांकडून सारखं आलं, तर तुमच्या तिमाहीचं पहिलं काम सापडलं.

दुसरं, एखादा बारीकसा बदल स्वतः शेवटपर्यंत न्या. लॅपटॉपवर सेटअप, टेस्ट, रिव्ह्यू (दुसऱ्यानं कोड तपासणं), स्टेजिंग (प्रॉडक्शनची तालमीची प्रत), प्रॉड (प्रॉडक्शन). आधी हे शंभरदा केलेलं असेल, तरी या वेळी घड्याळ लावून आणि वहीत टिपत करा. कुठे कुणाला पिंग करावं लागलं, कुठली पायरी फक्त एकालाच माहीत आहे, टेस्ट किती वेळ चालल्या.

तिसरं, एक तक्ता करा. उभ्या बाजूला सिस्टीमचे भाग, आडव्या बाजूला माणसं, आणि प्रत्येक चौकटीत ‘एकटा सांभाळू शकतो’, ‘मदतीनं जमेल’ किंवा ‘माहीत नाही’. ज्या ओळीत ‘एकटा’ एकदाच येतं तिथे धोका. आपल्याकडे नोटीस पिरियड बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांचा असतो आणि केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे माहिती सोपवणं) शेवटच्या दोन आठवड्यांत, ऑफर लेटर खिशात असलेल्या माणसाकडून होते. त्या केटीतून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून राजीनाम्याची वाट न बघता अशा ओळीतली पुढची दोन टिकिटं (नोंदवलेली कामं) दुसऱ्याला द्या आणि जाणकाराला फक्त रिव्ह्यूला ठेवा. काम थोडं हळू होईल. ते सोसायचं.

पायरी ३: कोड लिहा, पण वाटेत उभे राहू नका

कोड पूर्ण सोडलात तर वर्षभरात तुमचे अंदाज हवेतले होतात. पण रिलीज ज्याच्यावर अडून आहे ते टिकीट स्वतःच्या नावावर घेऊ नका. तुमचा दिवस मीटिंगांनी चिरलेला असतो, ते टिकीट लोंबकळतं, आणि लीडला ‘झालं का?’ असं कोणी विचारत नाही. तुमच्यासाठी योग्य कामं म्हणजे कधीमधी पडणाऱ्या टेस्टचा माग काढणं, बिल्डचा वेळ कमी करणं, एखादी शंका तपासायला टाकाऊ नमुना बांधून बघणं, ज्युनिअरच्या शेजारी बसून त्याचाच बग सोडवणं. दिवसातून सलग दोन तास कॅलेंडरवर अडवून ठेवा. अमेरिकेतला क्लायंट असेल तर सकाळचे. संध्याकाळ तुमची नसतेच.

पायरी ४: निर्णय कागदावर आणा

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये याची एक साधी पद्धत मांडली: प्रत्येक महत्त्वाच्या आर्किटेक्चर-निर्णयाची एक छोटी फाइल, कोडच्याच रिपॉझिटरीत, क्रमांक देऊन. निर्णय बदलला तर जुनी फाइल खोडायची नाही, नवी लिहून जुनीवर ‘रद्द’ असा शेरा मारायचा. समजा तुमच्या टीमला नोटिफिकेशन पाठवायची सोय करायची आहे. नोंद अशी होईल:

निर्णय ७: नोटिफिकेशनसाठी वेगळी क्यू (कामांची रांग सांभाळणारी सिस्टीम) आणायची नाही.
परिस्थिती: रोज सुमारे ४०,००० एसएमएस आणि ईमेल. सरासरी सेकंदाला अर्धासुद्धा नाही. गर्दीत दहापट धरले तरी पाचच्या आत.
निर्णय: पोस्टग्रेस या आपल्या डेटाबेसमध्येच एक टेबल. वर्कर (मागे चालणारे प्रोग्राम) ‘स्किप लॉक्ड’ (दुसऱ्यानं धरलेल्या ओळी वगळायची सोय) वापरून त्यातल्या ओळी उचलतील.
सोडलेला पर्याय: काफ्का (मोठ्या प्रमाणावर संदेश वाहून नेणारी सिस्टीम). आत्ताच्या आकड्यांना गरज नाही आणि रात्री बिघडलं तर दुरुस्त करणारं टीममध्ये कोणी नाही.
किंमत: मुख्य डेटाबेसवर थोडा भार, जुन्या ओळी साफ करणारा जॉब.
पुन्हा कधी बघायचं: सेकंदाला ५० च्या वर गेलो किंवा दुसऱ्या टीमला हेच इव्हेंट लागले तर.

शेवटची ओळ विसरू नका. ती असली की सहा महिन्यांनी ‘आपण काफ्का का नाही घेतलं?’ हा वाद आवडीनिवडीवर न होता आकड्यांवर होतो. (रेझ्युमेवर काफ्का हवं म्हणून प्रोजेक्टमध्ये काफ्का, हा प्रकार तुम्हालाही ठाऊक असेल. नोंदीत ‘परिस्थिती’ लिहायची वेळ आली की तो आपोआप उघडा पडतो.)

सगळेच निर्णय या थाटाचे नसतात. मागे फिरणं सोपं असेल, म्हणजे लायब्ररीची निवड, एका मॉड्यूलची आतली रचना, तर जो काम करतोय त्यालाच ठरवू द्या, तुम्हाला वेगळं आवडत असलं तरी. डेटाबेसची रचना, बाहेरच्यांना दिलेली एपीआय (इतर सिस्टीमनी आपल्याशी बोलायची ठरलेली रीत), ग्राहकांचा डेटा कुठे राहणार, पैशांचा हिशोब या गोष्टी मागे फिरवताना घाम निघतो. तिथे वेळ घ्या, लेखी मागा, सगळ्यांना वाचायला द्या. आणि नोंद शक्यतो स्वतः लिहू नका. ज्याला ते बांधायचंय त्यानं लिहावी, तुम्ही प्रश्न विचारावेत.

पायरी ५: कामाचे तुकडे पाडा, मगच तारीख

‘रिफंडचं फीचर कधी होईल?’ असा प्रश्न कॉलवर आला की ‘तीन आठवडे’ असं तोंडातून निसटतं. तिथल्या तिथे तारीख देऊ नका. ‘उद्या दुपारपर्यंत सांगतो’ हे उत्तर बहुतेक ठिकाणी चालतं, लोक ते वापरत नाहीत एवढंच.

मग टीमसोबत तासभर बसा आणि रिफंडचे असे तुकडे करा की प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे प्रॉडला जाऊ शकेल. पहिला तुकडा: सपोर्टची व्यक्ती अ‍ॅडमिन स्क्रीनवरून, फक्त एका पेमेंट प्रकारासाठी, पूर्ण रकमेचा रिफंड देऊ शकते. ग्राहकाला स्टेटस दिसणं हा दुसरा. अर्धवट रक्कम तिसरा. बाकीचे पेमेंट प्रकार त्यानंतर. डेटाबेस आधी, एपीआय मग, स्क्रीन शेवटी अशी आडवी वाटणी केलीत, तर तीन आठवडे काहीच दिसत नाही आणि चौथ्यात सगळं एकदम फुटतं.

तुकडे पाडताना खरे प्रश्न वर येतात. पेमेंट गेटवेकडून (पैसे वळते करणाऱ्या सेवेकडून) उत्तरच आलं नाही तर? टाइमआउट म्हणजे रिफंड फसला असं नव्हे. तो तिकडे झालेलाही असू शकतो. तेव्हा पुन्हा मागणी पाठवली तर ग्राहकाला दोनदा पैसे जातील. म्हणजे प्रत्येक रिफंडला आपला एक न बदलणारा क्रमांक हवा, पुन्हा पाठवताना तोच जायला हवा, आणि कॉलबॅक (गेटवेनं नंतर कळवलेला निकाल) दोनदा आला तरी हिशोब एकदाच व्हायला हवा. या एका प्रश्नात चार दिवसांचं काम दडलेलं असतं, आणि ‘तीन आठवडे’ म्हणताना ते कुणाच्या मनातही नसतं.

तारीख देताना एक आकडा देऊ नका, पल्ला द्या आणि तो कशावर अवलंबून आहे ते सांगा: ‘पहिला तुकडा पुढच्या शुक्रवारी. पूर्ण फीचर चार ते सहा आठवडे. गेटवेचं टेस्ट अकाउंट सोमवारपर्यंत मिळालं तर चारच्या जवळ.’ ‘होऊन जाईल’ हे दोन शब्द टीमच्या बोलण्यातून हद्दपार करा, सुरुवात स्वतःपासून.

उशीर होतोय असं दिसलं की वरून माणसं देऊ केली जातात. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या १० असतात, दहा जणांत ४५, शिवाय नव्यांना शिकवायला जुनेच लागतात. अशा वेळी माणसं नकोत, काम कमी करून मागा. ‘अर्धवट रकमेचा रिफंड पुढच्या रिलीजला ढकलू का?’ असा थेट पर्याय समोर ठेवा, निर्णय त्यांना घेऊ द्या.

पायरी ६: रिव्ह्यू

रिव्ह्यूत लीडचा स्वभाव टीमला सगळ्यात जास्त दिसतो. स्पेस, नावं, इम्पोर्टचा क्रम हे काम फॉर्मॅटर आणि लिंटर या आपोआप तपासणाऱ्या साधनांना द्या. माणसानं त्यावर कॉमेंट लिहिणं म्हणजे दोघांचा वेळ वाया. पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला बदल) आला की अर्ध्या दिवसात पहिली नजर टाकायची असा टीमचा नियम करा, नाहीतर लोक पीआर साठवून मोठे करतात आणि मोठा पीआर कोणी मन लावून वाचत नाही. चारशे ओळींवर बारा सूचना येतात, दोन हजार ओळींवर ‘एलजीटीएम’ (‘लुक्स गुड टू मी’, म्हणजे ‘ठीक दिसतंय’).

कॉमेंटच्या आधी तिचं वजन लिहा: ‘अडवतोय’, ‘सुचवतोय’ किंवा ‘विचारतोय’. आपल्याकडे हे फार गरजेचं आहे, कारण ‘सर’ म्हणणाऱ्या ज्युनिअरला लीडची सहज शंकासुद्धा हुकूम वाटते. त्यानं विचारपूर्वक लिहिलेलं तो मुकाट्यानं बदलतो आणि पुढच्या वेळी विचार करणंच सोडतो. ‘हे असं का केलं?’ यात आरोप ऐकू येतो. ‘हा जॉब मध्येच बंद पडला तर या ओळीनंतर काय होईल?’ असं विचारलंत तर तो स्वतः शोधतो. आणि तुमचा पीआर रिव्ह्यूला ज्युनिअरकडे पाठवा. त्यानं काही चुकीचं दाखवलं की सगळ्यांसमोर, त्याच धाग्यात, ‘बरोबर, बदलतो’ लिहा.

पायरी ७: रिलीज आणि रात्रीचे फोन

१ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकर कंपनीनं सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक घालवले. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवर चढला. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या फीचरसाठी त्याच जुन्या कोडचा फ्लॅग (चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता. बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला, आठवा सर्व्हर बेभान ऑर्डरी पाठवू लागला. गडबडीत नवा कोड उरलेल्या सातांवरूनही काढला गेला, आणि तिथेही जुना जागा झाला. बाजार उघडण्यापूर्वीच सिस्टीमनं याच चुकीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते. ते धोक्याची सूचना म्हणून कोणी बघतच नव्हतं.

यातली प्रत्येक गोष्ट लीडच्या यादीत यायला हवी. मेलेला कोड काढून टाका, फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका. डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) स्क्रिप्टनं करा आणि सगळ्या सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे हे स्क्रिप्टनंच शेवटी तपासावं. रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत जाणं) म्हणजे नक्की काय हे रिलीजच्या आधी लिहा, आणि एकदा स्टेजिंगवर करून बघा. ज्या अलर्टवर कोणी काही करत नाही तो बंद करा, म्हणजे उरलेल्यांकडे लक्ष जाईल.

बॅकअपचं वेगळं सांगतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरनं रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवरच, डेटाची डिरेक्टरी उडवली. मग कळलं की रोजचा बॅकअप पोस्टग्रेसच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचे ईमेल मेल-सर्व्हर परत पाठवत होता. सुदैवानं सुमारे सहा तासांपूर्वी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होता, त्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. म्हणून दर तिमाहीला एकदा बॅकअपमधून खरोखर डेटाबेस उभा करा, किती वेळ लागला ते लिहा, आणि हे काम दर वेळी वेगळ्या माणसाकडून करवून घ्या.

प्रत्यक्ष आग लागते तेव्हा कीबोर्ड दुसऱ्याकडे द्या. तुम्ही लॉगमध्ये डोकं घातलंत तर एकूण काय चाललंय ते कोणीच बघत नाही. एक जण शोधेल, एक जण वेळेसकट नोंदी लिहील, तुम्ही दर पंधरा-वीस मिनिटांनी वरच्यांना दोन ओळी कळवाल. आधी सेवा पूर्ववत, कारण नंतर. दोन दिवसांत बैठक घ्या आणि त्यात ‘कुणी केलं?’ हा प्रश्न येऊच देऊ नका. गिटलॅबनं त्या रात्री दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं होतं आणि नंतर चुकांची सविस्तर यादी जाहीर केली. इतकं उघडं तुम्हाला होता येणार नाही. पण ज्या टीममध्ये चूक कबूल केली की रेटिंग घसरतं, तिथे पुढची चूक तुम्हाला क्लायंटकडूनच कळेल.

पायरी ८: गप्प बसणाऱ्यांचं काय करायचं

‘कळलं का?’ ‘हो.’ हा संवाद काही कामाचा नाही. त्याऐवजी सांगा, ‘तू कसं करणार ते मला दहा मिनिटांत फळ्यावर दाखव.’ डिझाइनच्या चर्चेत सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलू द्या, स्वतः शेवटी बोला. तुम्ही आधी बोललात की चर्चा तिथेच संपते. कॉलवर इंग्रजी बोलायला बिचकणारा हुशार मुलगा असेल तर त्याचा डेमो आदल्या दिवशी मराठीत किंवा हिंदीत ऐका, मग कॉलवर त्यालाच बोलू द्या. दर वेळी तुम्ही त्याच्या वतीनं बोललात तर क्लायंटला तो कधीच दिसणार नाही, आणि ऑनसाइटची संधी आली की नाव तुमचंच निघेल.

कौतुक चारचौघांत आणि नेमकं करा. ‘गुड जॉब’ यातून काही पोचत नाही. चूक एकट्याला, त्याच आठवड्यात सांगा. अप्रेझलपर्यंत साठवून ठेवलेली तक्रार ऐकणाऱ्याला अन्यायच वाटते, आणि त्याचं बरोबर असतं.

तांत्रिक कर्जाबद्दल (घाईत केलेल्या तडजोडींच्या साठलेल्या ओझ्याबद्दल) एवढंच: ‘कोड घाण झालाय, दोन महिने द्या’ या वाक्याला कोणी पैसे देत नाही. ‘या मॉड्यूलमुळे गेल्या तिमाहीत चार रिलीज सरकले, ते नीट करायला सहा दिवस लागतील’ याला मिळतात. म्हणून टिकिटांवर तशी खूण करत राहा, आकडे आपोआप जमतात.

पायरी ९: सुट्टी घ्या

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आठवडाभर गावी जा, गणपतीला म्हणा, दिवाळीला म्हणा, आणि लॅपटॉप घरी ठेवा. जाण्यापूर्वी फक्त एवढं जाहीर करा की या आठवड्यात शेवटचा शब्द कुणाचा. परत आल्यावर तुमच्यासाठी अडून राहिलेल्या गोष्टींची यादी टीमकडूनच करून घ्या. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक लिहा: माहिती कुठे लिहिलेली नव्हती, अधिकार कुणाला दिलेला नव्हता, की हे खरंच तुमच्याशिवाय होण्यासारखं नव्हतं. पहिल्या दोन प्रकारांतल्या सगळ्या ओळींची सोमवारी टिकिटं करा, आणि ती दुसऱ्यांच्या नावावर टाका.